लाइटनिंगच्या चाकांचे माप

फोर्डच्या स्पेशल व्हेइकल टीमने 1999 ते 2004 या वर्षांत एफ-150 लाइटनिंग नावाचा जो पिकअप ट्रक विकला, त्याच्या टायरच्या कडेवर 295/45झेडआर18 हे माप कोरलेले असे. या एवढ्याशा ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशोब दाटीवाटीने बसलेले आहेत: टायरची रुंदी 295 मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या 45 टक्के आणि रिमचा व्यास 18 इंच. कडेची उंची सुमारे 133 मिलिमीटर येते. ती वरची एक आणि खालची एक अशी दोनदा धरून रिमच्या 457 मिलिमीटरमध्ये मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास 723 मिलिमीटर, म्हणजे साडेअठ्ठावीस इंचांच्या जरासा आत भरतो. माझ्याकडच्या 2002 सालच्या लाइटनिंगला नवे टायर घेण्याची वेळ आली तेव्हा मी हा 723 चा आकडा कागदाच्या डोक्यावर लिहिला आणि पुढचा प्रत्येक पर्याय आधी त्याच्याशी ताडून पाहिला. रिम केवढे, रुंदी किती, कंपनी कोणती, हे सगळे त्याच्या खाली.

जुन्या टायरची नक्षी अजून बऱ्यापैकी शिल्लक होती. परंतु कडेवरच्या डॉट क्रमांकाचे (अमेरिकी वाहतूक खात्याच्या खुणेचे) शेवटचे चार अंक 3214 होते, म्हणजे ते टायर 2014 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले होते. वर्षातला बहुतेक काळ गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या आणि उन्हाळ्यातच बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे हे नेहमीचे दुखणे असते. रबर झिजत नाही, पण वाळत आणि कडक होत जाते, आणि 450 पौंड-फूट टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, असलेल्या मागच्या चाकांना कडक रबर देणे शहाणपणाचे नाही. अनेक टायर कंपन्या काही वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि दहा वर्षांनंतर टायर बदलाच, असे सांगतात.

मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण पुणे-पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून इकडच्या वाहनउद्योगात आलेले असल्यामुळे गाड्यांविषयीच्या गप्पांना तोटा नसतो, पण या ट्रकचे प्रयोजन त्यांनाही चटकन पटत नाही. “पिकअप घेतलास आणि त्यात सामान नेत नाहीस, मग घेतलास कशाला?” हा प्रश्न मला आडून नव्हे, समोरच विचारला गेला आहे. प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या लाइटनिंगची भारक्षमता अवघी 800 पौंड, म्हणजे 360 किलोच्या आसपास होती. एका रांगेच्या केबिनमध्ये तीन धडधाकट माणसे बसली की मागचा सामानाचा हौद जवळजवळ शोभेपुरता उरतो. त्या बदल्यात मिळते ते सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) लावलेले 5.4 लिटरचे व्ही-8 इंजिन, 2001 पासून 380 अश्वशक्ती, आणि साध्या एफ-150 पेक्षा जमिनीला अधिक चिकटून बसलेला सांगाडा. मागचा आस मात्र मालवाहू ट्रकचाच, अखंड, पाट्यांच्या स्प्रिंगवर टेकलेला. चाकांची निवड करताना ही जात विसरून चालत नाही: वर स्पोर्ट्स कारची ताकद, खाली मालवाहू ट्रकचा सांगाडा.

‘परफॉर्मन्स पिकअप’ या एकाच नावाखाली परस्परविरुद्ध गरजांचे ट्रक विकले गेले आहेत, हे चाकांच्या मापांवरून जितके स्पष्ट दिसते तितके जाहिरातींवरून दिसत नाही. 1991 च्या जीएमसी सायक्लोनला 245/50आर16 टायर होते, म्हणजे चाक जेमतेम 651 मिलिमीटरचे, एखाद्या कारला शोभेल इतके. त्याची भारक्षमता तर 500 पौंडच होती. 2004 मध्ये डॉजने आपल्या व्हायपर या स्पोर्ट्स कारचे 8.3 लिटरचे व्ही-10 इंजिन रॅममध्ये बसवून जो एसआरटी-10 आणला, त्याला 22 इंची रिम आणि 305/40 टायर दिले. व्यास गेला 803 मिलिमीटरवर. आणि 2010 च्या फोर्ड रॅप्टरने दिशाच बदलली. रिम उलट 17 इंचांवर आणले, त्यावर 315/70 चे जाडजूड टायर चढवले आणि चाक 873 मिलिमीटरचे केले, कारण त्या ट्रकला सपाट डांबरावर नव्हे तर वाळवंटातल्या खड्ड्यांवरून उड्या मारत धावायचे होते आणि तिथे हवेने भरलेली उंच कड हाच सस्पेन्शनचा पहिला टप्पा असतो. 2021 पासून तर रॅप्टरला कारखान्यातूनच 37 इंची टायर मिळू लागले. रॅप्टरचे छायाचित्र पाहून लाइटनिंगला मोठी चाके लावणारा माणूस, किंवा एसआरटी-10 पाहून रॅप्टरला 22 इंची रिम लावणारा माणूस, दोघेही दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या गाडीवर चढवत असतात.

व्यासाला मी इतके महत्त्व का देतो, याचे कारण लाइटनिंगच्याच इतिहासात आहे. 1999 आणि 2000 च्या लाइटनिंगला मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या गिअरपेटीत, 3.55 चा गिअर होता: चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या 3.55 फेऱ्या. 2001 मध्ये इंजिनाची ताकद वाढवताना फोर्डने तो 3.73 केला, म्हणजे उठावाला पाच टक्क्यांची जोड दिली. आता त्याच काळात फोर्डने हार्ली-डेव्हिडसनच्या नावाने जे एफ-150 काढले, त्यांना 20 इंची रिम आणि 275/45 टायर होते. नटांची मांडणी तीच असल्यामुळे ती चाके लाइटनिंगवर सहज बसतात, दिसतात देखणी, आणि हौशी मंडळींत ही अदलाबदल पूर्वीपासून लोकप्रिय आहे. पण 275/45आर20 चा व्यास 755 मिलिमीटरच्या थोडा वर जातो, मूळ चाकापेक्षा साडेचार टक्के अधिक. मोठे चाक म्हणजे लांब तरफ: रस्त्यावर पोचणारा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो आणि 3.73 चा गिअर प्रत्यक्षात 3.57 सारखा वागू लागतो. म्हणजे 2001 मध्ये अभियंत्यांनी जे मिळवले ते जवळजवळ पुरतेच परत केले, तेही नव्या रिमसाठी पदरचे पैसे मोजून! स्पीडोमीटर 60 मैल दाखवत असताना गाडी पावणेत्रेसष्टने धावत असते हा भाग निराळा. तो गाडीच्या संगणकात चाकाच्या फेऱ्यांचा आकडा बदलून सुधारता येतो. तरफेची लांबी संगणकात बदलत नाही.

व्यास तोच ठेवूनही रिम मोठे करता येते, कड तेवढी पातळ करायची. 275/40आर20 चा व्यास 728 मिलिमीटर आणि 315/35आर20 चा तेवढाच. मूळ मापाहून एक टक्कासुद्धा फरक नाही. ही जोडी बीएमडब्ल्यू एक्स5 च्या काही आवृत्त्यांवर पुढे-मागे कारखान्यातूनच बसवली जात असे, त्यामुळे चांगल्या कंपन्यांचे, वेगाला टिकणारे टायर त्या मापांत आजही सहज मिळतात. याउलट 295/45आर18 हे माप फारशा गाड्यांनी कधी वापरलेच नाही. गुडइयरने ईगल एफ1 जीएस हा टायर या मापात लाइटनिंगसाठी म्हणून दिला होता. तो बंद होऊन बराच काळ लोटला आणि उरलेल्या पर्यायांची यादी वर्षागणिक आखूड होत चालली आहे. 20 इंचांकडे वळणाऱ्यांना नुसते दिखाऊ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. बाजार त्यांना तिकडे ढकलतो आहे.

तरीही 20 इंची रिमविषयी माझी तक्रार आहे, आणि ती वजनाची आहे. त्याच धाटणीचे 20 इंची अॅल्युमिनियम रिम 18 इंचीपेक्षा साधारणपणे जड असते, आणि ते वाढीव वजन मध्यापासून दूर, कडेला जाऊन बसते. जात्याची वरची तळी सुरू करायला जोर लागतो तो तिच्या वजनाचा आणि त्याहून अधिक ते वजन खुंट्यापासून किती दूर पसरले आहे याचा, चाकाचेही तसेच. टायरच्या घेराजवळ वाढलेला एक पौंड गाडीला वेग देताना हौदात ठेवलेल्या जवळजवळ दोन पौंडांइतका भारी पडतो, कारण त्याला पुढेही न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. ब्रेक लावताना तोच हिशोब उलट्या दिशेने चुकवावा लागतो. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचे. मागे आधीच अखंड आस, डिफरन्शियल आणि पाट्या एवढा ऐवज खड्ड्यागणिक वर-खाली होत असताना त्यात भर घालणे मला पटत नाही. आणि मिशिगनमध्ये खड्ड्यांना पर्याय नाही. हिवाळाभर पाणी फटींत शिरते, गोठते, फुगते, वितळते, आणि मार्च उजाडेपर्यंत उत्तम रस्त्याची चाळण होते. 133 मिलिमीटरच्या कडेऐवजी 110 मिलिमीटरची कड घेऊन त्या रस्त्यांवर उतरणे म्हणजे रिम वाकवून घेण्याची तयारी ठेवणे.

रुंदीच्या बाबतीत समज असा आहे की टायर जितका रुंद, तितका रबराचा अधिक भाग रस्त्याला लागतो. स्थूलमानाने पाहिले तर रस्त्याला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ चाकावरच्या भाराला आतल्या हवेच्या दाबाने भागले की मिळते. एका चाकावर 1200 पौंड आणि आत 35 पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला 35 पौंड, दाबाची हवा असेल तर साधारण 34 चौरस इंच, मग टायर 255 चा असो की 315 चा. कडेच्या ताठपणामुळे या उत्तरात थोडे इकडे-तिकडे होते, पण रुंदीने बदलतो तो मुख्यतः या टेकलेल्या भागाचा आकार: रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड, अरुंदाचा उभा आणि लांब. आडवा ठसा वळणावर उपयोगी पडतो, आणि अखंड आसामुळे लाइटनिंगची मागची चाके वळणावर कलत नसल्याने तो ठसा पुरा वापरलाही जातो. पावसात साचलेल्या पाण्यावर मात्र हाच रुंद टायर लवकर तरंगतो. रुंदी वाढवून खरा लाभ व्हायचा असेल तर रिमही तेवढे रुंद हवे. लाइटनिंगचे मूळ रिम साडेनऊ इंच रुंद आहे. त्यावर 315 चा टायर ओढूनताणून बसवला तर कडा आत चिमटल्या जातात आणि स्टिअरिंग फिरवल्यानंतर गाडी क्षणभर विचार करून मग वळते. रिमची रुंदी अर्धा इंच बदलली की टायरची रुंदीही सुमारे 5 मिलिमीटरने बदलते, हेही खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे लागते, कारण मडगार्डच्या कडेशी किंवा पाट्यांच्या स्प्रिंगशी तेवढेच अंतर शिल्लक असू शकते.

इथे ऑफसेटची गोष्ट येते, आणि दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते याविषयीच. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या तुंब्याला, टेकणारा पृष्ठभाग यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. तो 20 मिलिमीटरने कमी केला की चाक तेवढेच बाहेर येते. ट्रक रुंद आणि रुबाबदार दिसतो, पण पुढच्या बेअरिंगवरचा भार लांबून पडू लागतो, आणि ज्या रेषेभोवती चाक वळते ती रेषा जमिनीला टायरच्या मध्यापासून दूर जाऊन भेटते. परिणामी प्रत्येक खाचखळगा स्टिअरिंग हातातून ओढू पाहतो. ऑफसेट तोच ठेवून रिम एक इंच रुंद केले तर ते आत आणि बाहेर प्रत्येकी पावणेतेरा मिलिमीटर जाते. माझा अनुभव असा की नवे टायर मडगार्डला घासल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत टायरच्या मापाचा दोष थोडा आणि ऑफसेटचा फार असतो.

नटांच्या मांडणीबाबत लाइटनिंग जरा एकलकोंडी आहे. पाच नट, 135 मिलिमीटरच्या वर्तुळावर. ही मांडणी फोर्डने 1997 ते 2003 च्या एफ-150 वर आणि तिच्या भावंडांवर वापरली आणि 2004 पासूनचे नव्या बांधणीचे एफ-150 सहा नटांवर गेले. एसआरटी-10 ची 22 इंची रिम जुन्या बाजारात दिसतात तेव्हा काहींना मोह होतो, परंतु डॉजचे पाच नट 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. डोळ्यांना हा पावणेपाच मिलिमीटरचा फरक कळत नाही, नट ज्यावर बसतो त्या स्टडला मात्र नक्की कळतो, आणि ताणून बसवलेले नट धावत्या गाडीत सैल होतात. बाजारात यासाठी अॅडॉप्टर मिळतात. 380 अश्वशक्तीच्या ट्रकवर मी ते लावणार नाही.

टायरच्या मापापुढे जो आकडा आणि अक्षर असते, उदाहरणार्थ 106वाय किंवा 110डब्ल्यू, त्याकडे गिऱ्हाईक क्वचितच पाहते. आकडा एका टायरच्या भारक्षमतेचा: 106 म्हणजे 950 किलो, 110 म्हणजे 1060 किलो. कारसाठी बनलेला टायर ट्रकवर लावायचा असेल तर ही क्षमता 1.10 ने भागून धरावी, असा अमेरिकेत नियम आहे, कारण ट्रकवर भार अधिक बेभरवशाचा असतो. म्हणजे 106 चा टायर लाइटनिंगवर 860 किलोंच्या आसपासच मोजायचा. अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही म्हणजे 240. लाइटनिंग ताशी 140 मैलांच्या आसपास, म्हणजे 225 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, तेव्हा एच अक्षराचा टायर तिच्यासाठी कागदावरच नापास होतो. मी त्या वेगाने जाणार नाही हे खरे, पण उष्णता सोसण्याची जी ताकद त्या अक्षरामागे असते ती भर उन्हाळ्यात ताशी 75 मैलांवर, पूर्ण भारानिशीही उपयोगी पडते.

हवेच्या दाबाचा आकडा किती नाजूक असतो हे डेट्रॉइटने 2000 साली पाहिले. त्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने मुख्यतः फोर्ड एक्सप्लोररवर असलेले 65 लाख टायर परत मागवले. त्या प्रकरणात दोषांची यादी मोठी होती, पण वादाचा एक मुद्दा असा होता की फोर्डने दारावरच्या पाटीवर 26 पीएसआय सुचवले होते आणि टायर कंपनी 30 म्हणत होती. त्यातूनच पुढे कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. लाइटनिंग त्याआधीची, इशारा देणारा दिवा तिच्यात नाही. माप बदलणाऱ्याने म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारावरची पाटी मूळ मापासाठी असते. जादा भाराचे, एक्सएल खुणेचे टायर त्यांची पूर्ण क्षमता अधिक दाबावरच देतात, त्यामुळे जुन्या पाटीचा आकडा नव्या टायरला जसाच्या तसा लावला तर भार वाहण्याची ताकद आपण नकळत कमी करतो.

माझा एक कोल्हापूरकडचा मित्र, त्याच्याकडेही 2003 ची लाइटनिंग आहे, या सगळ्यातून 20 इंचांवर पोचला. त्याने घडीव, म्हणजे ओतीवपेक्षा हलके रिम घेतले, पुढे 275/40, मागे 315/35, आणि मागच्या रिमची रुंदी साडेदहा इंच. “अरे, तुझी तक्रार वजनाची आहे ना? मग वजनच काढून टाकलं,” असे तो म्हणाला, आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून झीज सारखी करण्याची सोय त्याने गमावली. मागची जोडी त्याला लवकर बदलावी लागणार हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्याचा ट्रक सुटतो तेव्हा मागची चाके माझ्यापेक्षा कमी घसरतात, आणि व्यास राखल्यामुळे गिअरचा हिशोबही बिघडलेला नाही. सगळ्या आकड्यांची किंमत देऊन केलेली ती निवड आहे.

मी 18 इंचांवरच राहिलो. मूळ रिम, 295/45, चारही सारखे, व्ही अक्षराच्या वरचे. थंडीत मी हा ट्रक काढत नाही. उन्हाळी रबर 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, आणि हौद रिकामा असलेला, मागच्या चाकांवर चालणारा ट्रक बर्फात चालवण्याची हौस मला नाही. बसवून झाल्यावर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले. मग प्रत्येक टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सपाट जागेत थोडे सरळ चालवून पाहिले. पुढची रेघ सर्वत्र सारखी पुसली गेली, मागची मध्येच पुसली आणि कडांना तशीच राहिली, कारण रिकाम्या हौदाखाली मागच्या टायरवर भार कमी असतो. पाटीवरचा आकडा भरलेल्या हौदाचाही विचार करून दिलेला असतो, म्हणून मागे फक्त 2 पीएसआय उतरवले आणि सामान न्यायच्या दिवशी ते परत भरायचे ठरवले. पुढच्या खेपेला 295/45आर18 बाजारात उरलेच नाही तर काय, याची तजवीजही त्याच कागदावर आहे: 275/40आर20, चारही चाकांना, साडेनऊ इंची घडीव रिमवर, ऑफसेट मूळचाच.